काहून भेतं वं

एप्रिल संपायला आला आहे. जयंतीच्या निळ्या पताका आमच्या गल्लीत अजून तशाच लटकताहेत, उन्हानं त्यांचा रंग उडून गेलाय. दुपारी बारानंतर अमरावतीचे रस्ते इतके मोकळे होतात की एखादी स्कूटी गेली तर तिचा आवाज पार चौकापर्यंत ऐकू येतो. घराघरांतून कूलर सुरू झालेत. परवा दुपारी कूलरच्या नव्या ताटीचा, ओल्या वाळ्याचा वास खिडकीतून आत आला आणि मी हातातला पेन खाली ठेवला. क्लिनिकमध्ये तेव्हा कोणी नव्हतं. भिण्यासारखं काही घडलं नव्हतं. तरी तळहात ओले झाले. मी उठले, फ्रीज उघडला आणि आतली इंजेक्शनं मोजली. ती मी सकाळीच मोजली होती. पुन्हा मोजली.

मी बाळंतपणं करणारी डॉक्टर आहे. दर उन्हाळ्यात मला हे असं होतं आणि पाऊस लागला की आपोआप जातं. आजवर कोणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरच भिते असं कळलं तर पेशंटनं कोणाच्या तोंडाकडे पाहायचं?

भीतीला आमच्या वऱ्हाडात भेव म्हणतात. पुस्तकातल्या मराठीत भीती वाटते, आमच्याकडे भेव लागते. तहान लागते, भूक लागते, ऊन लागते, तसंच भेव लागते. लहानपणी यात मला काही विशेष वाटलं नव्हतं. आता वाटतं. लागलेल्या गोष्टीवर काहीतरी देता येतं. तहान लागली तर पाणी देतात, ऊन लागलं तर कांदा हुंगायला देतात, कैरीचं पन्हं पाजतात. भेव लागलेल्या माणसाला आमच्याकडे काय देतात, ते मला कळायला वयाची पंचवीस वर्षं जावी लागली. कळलं तेही एका धावत्या गाडीत, गुडघ्यांवर बसलेली असताना.

माझे बाबा शाळेत शिपाई होते. मूळ गाव भातकुलीकडचं, पण माझ्या शिक्षणासाठी त्यांनी अमरावतीत दोन खोल्या केल्या. दहावीच्या गणिताच्या पेपरला शाळेच्या फाटकाशीच मला उलटी झाली. बाबा सायकल धरून उभे होते. त्यांनी खिशातला रुमाल दिला, तोंड पुसून होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "जाय. पाहून घेऊ."

एवढंच. तू हुशार आहेस, तुला जमेल, असलं काही नाही. पेपर मला एकटीला द्यायचा होता आणि पाहून घेणार होतो आम्ही दोघं. मी आत गेले.

पुढे डॉक्टरकीसाठी पुण्याला नंबर लागला. होस्टेलच्या पहिल्या आठवड्यात खोलीतल्या मुलीनं विचारलं, "जेवलीस का?" मी ताटावरच होते. म्हटलं, "जेवून राहिली ना." ती म्हणाली, "जेवलीस ते कळलं, पण मागे राहिलीस कशासाठी?" खोलीतल्या सगळ्या हसल्या. वाईट मुली नव्हत्या त्या, पुढे मैत्रिणीही झाल्या. पण त्या दिवसापासून मी एकेक शब्द सोडायला लागले. मले गेलं, तुले गेलं, 'का' विचारणारं काहून गेलं, 'गं'च्या जागचं वं गेलं, थे गेलं. तिसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत घाईत 'पेशंटले' म्हणून गेले तेव्हा समोरचे सर नुसते मिशीत हसले. मी रात्रभर लाजेनं झोपले नाही. शेवटच्या वर्षापर्यंत माझी भाषा इतकी स्वच्छ झाली होती की कोणी विचारायचं, तू सदाशिव पेठेतली का. मला बरं वाटायचं.

मग एकदा बाबांचा फोन आला. मी त्यांच्याशीही तीच स्वच्छ भाषा बोलत होते. बोलता बोलता ते म्हणाले, "तुमी जेवल्या काय?" त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. बापानं आपल्याला तुम्ही म्हणावं इतकं मी काय केलं होतं?

शिक्षण झालं की एक वर्ष सरकारी दवाखान्यात काढायचं असतं. माझी नेमणूक अकोला जिल्ह्यात आली, तेल्हाऱ्याच्या पलीकडच्या एका गावात. उत्तरेला सातपुड्याची धुरकट रेघ, दक्षिणेला नजर जाईल तिकडे काळी जमीन. मी गेले तेव्हा मार्च संपत होता. कापूस कधीच निघून गेला होता, उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग बांधाबांधावर पडले होते आणि वावरांना अशा भेगा पडल्या होत्या की हात आत जाईल. दवाखान्यात एक बाळंतपणाची खोली, सहा खाटा, एक कुरकुरणारा कूलर, एक रुग्णवाहिका. आणि वानखडे सिस्टर.

सिस्टर पन्नाशीच्या होत्या. बुटक्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, हात लहान मुलीसारखे छोटे. त्या गावातल्या अर्ध्या लेकरांना त्यांनीच जगात आणलं होतं, आणि ज्यांना आणलं त्यांच्या मायांना शिव्या घालतच आणलं होतं. निदान मला पहिल्या दिवशी तसं वाटलं. टेबलावरची बाई ओरडत होती, "माय वं, मेली मी." सिस्टर शांतपणे हातमोजे चढवत म्हणाल्या, "मेली तं बोलून कशी राह्यली?" दुसरी म्हणायची, "थकली मी, होत नाई आता." तिला म्हणायच्या, "मी बी थकली. मंग काय, दोघी घरी जाऊ? याले अर्ध्यातच सोडून देऊ?" कळांनी पिळवटलेली ती बाई दोन कळांच्या मधे चक्क हसायची आणि पुन्हा जोर लावायची.

मला ते रानटी वाटलं. आम्हाला पुण्यात शिकवलं होतं की प्रसूतीच्या वेळी स्त्रीशी आदरानं, सौम्यपणे बोलावं. मी सिस्टरांना बाजूला घेऊन तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हाव म्याडम." आणि दोन दिवस त्या माझ्यासारखं बोलल्या. "ताई, आपण दीर्घ श्वास घ्या. काळजी करू नका." खोली एकदम शांत झाली. बाया गप्प पडून राहायला लागल्या, छताकडे बघत. दुसऱ्या दिवशी एकीनं सिस्टरांचा हात घट्ट धरला आणि विचारलं, "सिस्टर, काई झालं काय? लेकरू हालून नाई राह्यलं काय?"

लेकरू छान होतं. पण तिच्या उभ्या आयुष्यात तिच्याशी 'आपण' असं कोण बोललं होतं? कोर्टाची नोटीस घेऊन आलेला माणूस. तिचा भाऊ अपघातात गेला तेव्हा पोलीस ठाण्यातून आलेला फोन. आमच्याकडे अचानक गोड आणि शुद्ध बोलायला लागलं की समजायचं, पुढे काहीतरी वाईट आहे. हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी तिथलीच होते. सिस्टर मला काही म्हणाल्या नाहीत, तिसऱ्या दिवसापासून आपल्या मूळ भाषेवर आल्या. मी मात्र माझं शुद्ध बोलणं सोडलं नाही. ते माझ्या पांढऱ्या कोटासारखं होतं, काढलं असतं तर मी कोण उरले असते?

त्या एप्रिलच्या शेवटी वैशाली आली. बावीस वर्षांची, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. सोबत तिची आई, डोक्यावरून पदर घेतलेली, अजिबात न बोलणारी. पोरगी मात्र बोलकी होती. कळा येत असतानाही सिस्टरांना विचारत होती, तुमच्या कानातले कुठून घेतले. दुपारी बारा वाजून गेल्यावर तिला मुलगी झाली. चांगली रडली, चांगली वजनदार. सिस्टर म्हणाल्या, "पोट्टी हाये, खणखणीत." वैशाली हसली. वार पडली. मी सुटकेचा श्वास टाकला, घाम पुसला आणि कागद लिहायला वळले.

सिस्टरांनी मला हाक मारली नाही. त्या नुसत्या गप्प झाल्या. त्यांचं गप्प होणं मला पाठीला कळलं.

बाळ बाहेर आलं की गर्भाशयानं मुठीसारखं आवळून टणक व्हायचं असतं. ते आवळलं की रक्त थांबतं. वैशालीचं आवळत नव्हतं. पोटावर हात ठेवला तर भिजवलेल्या कणकेसारखं लागत होतं, आणि खाली रक्त वाहत होतं, आवाज न करता, एका लयीत. मी चोळायला लागले. इंजेक्शन दिलं, सलाइनमधून दुसरं औषध सोडलं, गोळ्या दिल्या. थोडं टणक व्हायचं, मी हात जरा सैल केला की पुन्हा मऊ. पुस्तकात जे जे लिहिलेलं होतं ते सगळं केलं आणि रक्त आपलं येतच होतं. खोलीत चव्वेचाळीस डिग्री उकाडा असेल, पण माझे दात वाजायला लागले. असं मला आधी कधी झालं नव्हतं. मी जबडा आवळून धरला.

वैशाली माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ पांढरे पडायला लागले होते. मी तिच्यावर वाकले आणि मला येत होतं त्या सगळ्यात चांगल्या मराठीत म्हणाले, "आपण अजिबात काळजी करू नका, ताई. सर्व काही व्यवस्थित होईल."

तिचे डोळे मोठे झाले. ती म्हणाली, "मी मरून राह्यली काय, म्याडम?"

मी पुन्हा तिचं पोट चोळायला लागले. सिस्टर माझ्या खांद्याशी आल्या, तिच्या गालावर हलकी चापट मारली आणि म्हणाल्या, "मराले येळ हाये काय तुले? पोट्टीले कोन पाजीन, मी पाजू काय या वयात?"

वैशालीच्या ओठांच्या कडा हलल्या. पूर्ण हसू नव्हतं, पण होतं.

अकोल्याला न्यायचं ठरलं. तिथे रक्त होतं, भूलतज्ज्ञ होते, ऑपरेशनची सोय होती. वाट दीड तासाची. रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर सलीमभाऊ जेवत होते, तसेच उठून आले. वैशालीची आई बाळाला घेऊन पुढे त्यांच्या शेजारी बसली. मागे आम्ही तिघी.

औषधानं रक्त थांबत नसेल तर हातानं थांबवावं लागतं. एक मूठ आतून आणि दुसरा हात पोटावरून, मधे गर्भाशय दाबून धरायचं, सोडायचं नाही. पुस्तकात त्याचं चित्र आहे. मी ते अनेकदा पाहिलं होतं, पण चित्रातले हात थकत नाहीत. स्ट्रेचरच्या शेजारी मी गुडघ्यांवर बसले, उजवी मूठ आत, डावा हात वर, आणि गाडी निघाली.

गाडी सुटताना सलीमभाऊंनी मधल्या जाळीतून मागे पाहिलं. म्हणाले, "डॉक्टरीनबाई, तुमी हात नोका काढू, मी पाय नाई काढत."

त्यांनी खरंच काढला नाही. खड्ड्यांवरून गाडी उडत होती, प्रत्येक आदळ्याला माझे गुडघे लोखंडी पट्टीवर आपटत होते. एसीतून गरम वारा येत होता. खिडकीच्या काचेला निळी फिल्म लावलेली, तिच्यातून बाहेरचं सगळं जळल्यासारखं दिसत होतं, वावरं, पऱ्हाटीचे ढीग, एखादं बाभळीचं झाड. अकोटपर्यंत मी ठीक होते. अकोट मागे पडलं तसा उजवा हात आधी दुखायला लागला, मग जळायला लागला, मग मला तो कळेनासा झाला. मूठ अजून वळलेली आहे की नाही हे मला डाव्या हाताखाली तिचं टणकपण चाचपून समजून घ्यावं लागत होतं.

मला कशाची भीती वाटत होती ते खरं सांगायला हवं. ती मरेल याची होतीच. पण ती माझ्या हातात मरेल याची जास्त होती. पुढच्या जाळीतून तिच्या आईचा पदर दिसत होता, आणि तो पदर मागे वळेल तेव्हा मी काय सांगणार, याची होती. माझी चौकशी होईल, पेपरात येईल, बाबा वाचतील, याचीही होती. एक बाई समोर विझत असताना मी हे सगळं विचार करत होते. भेव माणसाला फार लहान करून टाकतं.

सिस्टर एका हातानं सलाइन वर धरून, दुसऱ्या हातानं वैशालीची नाडी धरून बसल्या होत्या आणि बोलत होत्या. अख्ख्या वाटेनं त्या एक क्षण गप्प बसल्या नाहीत.

"वैशाले, डोये उघड. झोपाची येळ हाये काय हे? पोट्टीचं नाव काय ठेवतं?"

"माहीत नाई," वैशाली पुटपुटली.

"माहीत नाई कसं? नऊ महिने काय करून राह्यली होती मंग?"

पुढे बाळ रडायला लागलं. आजी त्याला थोपटून गप्प करू पाहत होती. सिस्टर जाळीतून ओरडल्या, "आजीबाई, रडू द्या तिले. तिच्या मायले आयकू द्या." आणि वैशालीकडे वळून, "आयकलं काय? बोलावून राह्यली तुले. आताच आली नाई तं हुकूम सोडून राह्यली."

वैशालीनं डोळे उघडले. पुन्हा मिटले. पुन्हा सिस्टरांनी उघडायला लावले. हे किती वेळा झालं, मोजलं नाही.

मग माझा हात घसरला. जेमतेम एक क्षण, पण तेवढ्यात स्ट्रेचरवर उबदार काहीतरी पसरलं आणि मी पुन्हा मूठ आवळली. डोळ्यांपुढे काळे ठिपके यायला लागले होते. मी म्हणाले, "सिस्टर, माझ्यानं होत नाही आता."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. सलाइनचा थेंब बघत म्हणाल्या, "होत नाई म्हनता, अन् करून तं राह्यल्या."

ज्या शब्दावर होस्टेलच्या खोलीतल्या मुली हसल्या होत्या, तो हाच. त्यात चुकलेलं काहीच नव्हतं. करून राहिली म्हणजे काम सुरू आहे आणि अजून थांबलेलं नाही. दाबून राहिली. धरून राहिली. वैशाली अजून जगून राहिली. मी तोंडातल्या तोंडात तेच म्हणायला लागले, धरून राहिली, धरून राहिली, आणि गाडीच्या आदळ्यांसोबत ते चालत राहिलं. तरी डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला ते पुसता येत नव्हतं, दोन्ही हात गुंतलेले होते.

तेव्हा सिस्टरांनी सलाइन वरच्या हुकाला अडकवलं, आपल्या पदरानं माझं तोंड पुसलं, एखाद्या लेकराचं पुसावं तसं, जरा जोरातच, आणि म्हणाल्या, "काहून भेतं वं? मी हावो ना."

एका महिन्यात त्यांनी मला म्याडम सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. पदानं मी मोठी, त्या माझ्या हाताखालच्या. माझ्या बापानंही मला तुम्ही म्हणून टाकलं होतं. आणि ही बाई मला वं म्हणत होती, जसं त्या टेबलावरच्या प्रत्येकीला म्हणायची. मी कोणाची तरी पोट्टी झाले. भेव गेलं नाही. ते होतं तिथेच होतं, पण आता त्या गाडीत त्याच्यासोबत मी एकटी नव्हते. पूर्णेचा पूल आला तेव्हा मी वैशालीवर ओरडत होते. काय ओरडत होते ते मला आठवत नाही. सिस्टरांनी नंतर सांगितलं, "तुमी तं माह्याऊन जास्त शिव्या देल्ल्या तिले, अन् त्याबी आपल्या बोलीत."

अकोल्याला गाडी थांबली तसे चार-पाच जण धावत आले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी आपला हात माझ्या हाताच्या जागी घेतला, तेव्हाच मी माझा काढला. स्ट्रेचर आत गेलं. दार बंद झालं. माझी मूठ उघडेना. दुसऱ्या हातानं मी एकेक बोट सोडवलं.

व्हरांड्याच्या टोकाला एक नळ होता. सिस्टर तिथे हात धूत होत्या. साबणाची वडी त्यांच्या हातातून सुटून खाली पडली. त्यांनी उचलली, पुन्हा पडली. मी उचलून दिली, तर त्यांच्या त्या छोट्या हातांना ती धरवतच नव्हती.

"लय भेली होती मी, म्याडम," त्या म्हणाल्या. पुन्हा म्याडमवर आल्या होत्या.

मी म्हटलं, "वाटलं नाही तसं."

त्या नळाकडे बघत बोलल्या. काही वर्षांपूर्वी अशीच एक बाई होती. असाच उन्हाळा, हीच वाट, तेव्हाचे डॉक्टर दुसरे. "तिलेबी हेच म्हनलं होतं म्या. सारं हेच. मराले येळ हाये काय म्हनलं. थे हासली बी. अन् पूर्णेच्या पुलावर गेली."

नळ चालू होता. मी बंद केला. मला राग आल्यासारखं झालं. इतका वेळ ज्या शब्दांना धरून मी बसले होते, त्यांच्यात काहीच नव्हतं तर. मी विचारलं, "मग पुन्हा तेच कशाला म्हणता?"

सिस्टरांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "मंग काय म्हनू? आपुन बोलनं बंद केलं तं तिले वाटीन, आपुन तिले सोडून देलं."

आम्ही बाकावर बसलो. समोर वैशालीची आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. सलीमभाऊ कुठून तरी उसाचा रस घेऊन आले, तिघींनाही दिला, आणि म्हणाले, "फिकर नोका करू. हिंमत ठेवा." मग स्वतःच भिंतीला टेकून खाली बसले आणि डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. दोन तासांनी दार उघडलं. गर्भाशयाला टाके घालून रक्त थांबवलं होतं, रक्ताच्या पिशव्या चढत होत्या. जिवंत होती. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र बघू. सिस्टर लगेच म्हणाल्या, "पाहून घेऊ." वैशालीच्या आईनं पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, "हाव. पाहून घेऊ."

आता इतकी वर्षं झाली. मी अमरावतीत आहे, पेशंटशी माझ्या बोलीतच बोलते. कोणी म्हणतं, डॉक्टर असून असं काय बोलतात. पण या बोलीचं मला नुसतं कौतुक नाही, तिचं एक वाक्य मला फार भिववतं. "काई होत नाई." पायांवर सूज आलेली, डोकं दुखतं म्हणणारी गरोदर पोरगी घरात पडून असते आणि सगळे तिला धीर देतात, काई होत नाई. मग कधीतरी तिला माझ्याकडे आणतात, आणि तेव्हा बरंच काही होऊन गेलेलं असतं. धीर द्यायला जवळ बसावं लागतं, नाडी धरावी लागते, घाम पुसावा लागतो. दारातून जाता जाता दिलेला धीर मला नकोच वाटतो. मी अशा सासवांवर, नवऱ्यांवर चिडते. भितेही. फ्रीज उघडून इंजेक्शनं मोजते.

त्या उन्हाळ्यातलं शेवटचं सांगायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी मी आणि सिस्टर वैशालीला भेटायला अकोल्याला गेलो. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती. चेहरा अजून पिवळट, पण डोळे जागेवर आलेले. मुलगी छातीशी होती आणि चुरचुर आवाज करत पीत होती. वैशालीनं सिस्टरांना पाहिलं आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, "हेच थ्या. वाटभर शिव्या देल्ल्या मले. जराशी झोपू नाई देल्लं." सांगताना ती हसत होती. एकेक शिवी तिला आठवत होती, ती त्या बाईला पुन्हा पुन्हा सांगत होती, जशी एखादी लग्नातली गंमत सांगते.

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिला मी नीटशी आठवत नव्हते. बाळंतपणाच्या खोलीतली शुद्ध बोलणारी म्याडम तिला आठवत होती, गाडीतलं सिस्टरांशिवाय कोणी आठवत नव्हतं. तिनं साधंच विचारलं, तक्रार म्हणून नव्हे.

"तवा तुमी कोठी होत्या, म्याडम?"

सिस्टरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मी अठीच होती वं," मी म्हटलं.

"बसा ना मंग," वैशाली म्हणाली, आणि पाय आखडून तिनं मला खाटेवर जागा करून दिली.